अकराच्या आत एक मिस कॉल

किस्से जमवायला मी कधी बसलो नव्हतो. पण ज्या कामात रोज सकाळी ऐंशी म्हाताऱ्या माणसांना "आहात ना?" एवढंच विचारायचं असतं, तिथे किस्से आपोआप साचतात. मग ते सांगावेसे वाटतात, आणि ऑफिसात बघावं तर ऐकायला कुणी नाही! आज तुम्ही सापडलात. चहा सांगा आणि बसा जरा.

आधी काम काय ते सांगतो. आमचं ऑफिस जळगावात, मेहरूणला, शेठजींच्या पाइपच्या दुकानाच्या वर. सेवेचं नाव ‘खुशाली’. मुलं पुण्याला, बंगळुरूला, कुणाची परदेशात. आईवडील इकडे फैजपूरला, पहूरला, धुळ्याला एकेकटे. त्यांनी रोज सकाळी आमच्या नंबरवर एक मिस कॉल द्यायचा. मिस कॉल आला की कॅश डेटाबेसमध्ये, म्हणजे थोड्या वेळापुरत्या नोंदी ठेवणाऱ्या साठ्यात, त्यांच्या नावाची एक नोंद पडते.

हा डेटाबेस मोठा गमतीशीर असतो. नोंद लिहितानाच तिचं आयुष्यही सांगून ठेवता येतं. इतके सेकंद राहा, मग आपली आपण पुसली जा! आम्ही सुरुवातीला सव्वीस तास दिले होते. नोंद आहे तोवर मुलांना रोज ‘खुशाल आहेत’ असा मेसेज जातो. तेवढ्यात पुढचा मिस कॉल आला तर आयुष्य नव्याने भरतं. नाही आला तर नोंद जाते, ऑफिसच्या स्क्रीनवर ते नाव हिरव्याचं लाल होतं, आणि आम्ही फोन करतो. फोन उचलला नाही तर माणूस पाठवतो.

माणसं आम्ही चार. भंगाळे दादा मालक. फोनवर बोलायला प्रतिभाताई. धुळ्याच्या बाजूला मोटारसायकलवर दारोदार जाणारा कैलास. आणि हे सगळं जावास्क्रिप्टमध्ये लिहिणारा मी, हेमंत. म्हणजे चुका सगळ्या माझ्या!

* * *

जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याला वेळ मिलिसेकंदात मोजायची सवय लागते. एक सेकंद थांबायचं असेल तर बोटं आपोआप हजार लिहितात. त्या सवयीने मी सव्वीस तासांचे सेकंद काढले आणि वर हजाराने गुणून मोकळा झालो. डेटाबेसचा तो पर्याय मात्र सेकंद मागत होता. झालं काय, की सव्वीस तासांऐवजी प्रत्येकाला जवळपास तीन वर्षं मिळाली!

पहिले बारा दिवस एकही नाव लाल झालं नाही. दादा स्क्रीनपुढे कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. "आपली मंडळी बघ कशी टकाटक आहेत!" मीही मान डोलवायचो. सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून बिनचूक चाललंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तेराव्या दिवशी एका बाईंचा पुण्याहून फोन आला. त्यांची आई फैजपूरची.

"आई माझ्याकडे येऊन दहा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "तिचा फोन तिकडेच चार्जरला राहिलाय. तरी तुमचा रोज मेसेज येतो, ‘आई खुशाल आहेत’ म्हणून. मी रोज स्वयंपाकघरात जाऊन बघते. आहे खरी खुशाल!"

* * *

पुढचं सांगण्याआधी नानांची ओळख करून देतो, कारण माझा सगळा जीव त्यांच्यातच अडकला होता.

नाना म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. धुळ्याला देवपुरात स्वतःचं तीन खोल्यांचं घर. बायको गेल्यापासून एकटे. मुलगा राजेश पुण्यात असतो. तो न्यायला आला तेव्हा नानांनी गल्लीत उभं राहून सांगितलं, "हाई घर सोडीसन मी कथाच जाऊ नही!" आवाज एवढा, की शेजारी बाहेर आले. बाप-लेकाची चांगलीच जुंपली. शेवटी शेजाऱ्यांनीच तोड काढली. नानांचं नाव ‘खुशाली’त घालायचं. वर्षभरात तीन वेळा नाव लाल झालं, तर नानांनी एक शब्द न बोलता पुण्याला जायचं. तोवर राजेशने तो विषय काढायचा नाही.

नानांनी ही अट आमच्या फॉर्मवर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिली आणि खाली सही केली. राजेशने मला बाजूला घेतलं. "तिसऱ्यांदा लाल झालं की लगेच कळवा. माझ्याकडे त्यांची खोली तयार आहे."

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की नानांचं घर आता माझ्या हातात आहे. एका ओळीत गडबड झाली की एका माणसाचं घर सुटणार!

* * *

आणि मी गडबड केलीच. तीन वर्षांची चूक दुरुस्त करायला बसलो, ती अतिउत्साहात दोन्हीकडून दुरुस्त केली. हजाराचा गुणाकार काढून टाकला. वर सेकंदांचा पर्याय होता, तो बदलून मिलिसेकंदांचा लावला. कुठलंही एक पुरे होतं. दोन्ही केल्यावर सव्वीस तासांचं दीड मिनिट झालं!

सकाळी आठला मिस कॉल यायला लागले. नाव हिरवं व्हायचं, आम्ही वळून चहाचा कप उचलायचो, तोवर लाल! प्रतिभाताईंनी फोनवर फोन लावले.

"अक्का, बऱ्या आहात ना?"

"आवं बाई, आताच तं मिस कॉल देला!" म्हणून अक्का पुन्हा मिस कॉल द्यायच्या. दीड मिनिटाने पुन्हा लाल. पुन्हा फोन.

पहूरच्या आबांना चार फोन गेले. दादा डोकं धरून बसले. मी घामाघूम. दुपारी एकपर्यंत प्रतिभाताईंचा घसा बसला, कारण एकदा फोन लागला की समोरून कुणी ठेवतच नव्हतं. गुडघे सांगून झाले, नातवंडं सांगून झाली, उडीद भिजत घातलेत हेही सांगून झालं.

संध्याकाळपर्यंत मी सगळं नीट केलं. दुसऱ्या दिवशी सगळी नावं वेळच्या वेळी हिरवी झाली आणि तशीच राहिली. ऑफिसात शांतता. साडेअकराला पहूरच्या आबांचाच फोन आला.

"काय वं ताई, आज काही बिघडलं नाही का?"

* * *

त्या गोंधळात नानांचंही नाव लाल झालं होतं. मी राजेशला फोन करून सगळं कबूल केलं. तो समजूतदार माणूस. म्हणाला, "चूक तुमची आहे, हे मोजू नका."

मी खुशीत नानांना सांगायला गेलो, तर नाना भडकले.

"मोज! लाल ती लाल! मी चाळीस वरीस पोरेसना पेपर तपासात. लाल शाई कधी खोडी नही."

"अहो नाना, पण चूक तुमची नव्हती."

"कोनी का असेना. एक व्हयनी. लिखी ठेव!"

मी त्यांच्या नावापुढे एक लिहिला. काय सचोटी आहे माणसाची, असं वाटून मला भरून आलं. ऑफिसात तीन दिवस मी सगळ्यांना तेच सांगत होतो.

* * *

फैजपूरच्या सहा अक्का एकाच भजनी मंडळातल्या. सहाही एकट्या राहणाऱ्या. त्यांचे मिस कॉल इतके शिस्तीत यायचे, की सातला पाच कमी असताना पहिला आणि सातच्या आत सहावा. दादा बाकीच्यांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

एका सकाळी सहाही नावं हिरवी. आणि नऊ वाजता कळलं, की त्यातल्या लीलाअक्का पहाटे न्हाणीघरात घसरल्या आणि पाय मुरगळून बसल्यात. मग मिस कॉल दिला कुणी?

प्रतिभाताईंचं माहेर तिकडचंच. त्या स्वतः गेल्या, तेव्हा भानगड बाहेर आली. सहाही फोन कमलअक्कांच्या घरी एका कापडी पिशवीत असायचे! बाकीच्यांना बारीक अक्षर दिसत नाही, चार्जर एकीकडेच, म्हणून ही सोय. कमलअक्का सकाळी देवळाच्या पायरीवर बसायच्या, पिशवीतून एकेक फोन काढायच्या आणि ओळीने सहा मिस कॉल द्यायच्या.

प्रतिभाताई चिडल्या. "अक्का, असं कसं चालेल? लीलाअक्का पडल्या होत्या, आणि आमच्याकडे त्या खुशाल!"

"माले काय माहीत नव्हतं का?" कमलअक्का म्हणाल्या. "ती देवळात दिसली नाही, तवाच मी तिच्या घरी गेली. दार उघडलं, पायाले हळद लावली, डाक्टरले बलावलं. मंग येऊन मिस कॉल देला."

"पण मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही तिच्या पोराले सांगतलं असतं. तो तिले घेऊन गेला असता. मंग आम्ही पाचच राह्यलो असतो ना!"

प्रतिभाताईंनी पिशवी जागच्या जागी ठेवली आणि जळगावची एसटी पकडली.

* * *

आमचे घरमालक शेठजी. राजस्थानातून त्यांचे आजोबा इकडे आले, तेव्हापासून दुकान. घर मागच्याच गल्लीत, चार भाऊ, सुना, नातवंडं, सगळे एका छपराखाली. एकदा दुपारी शेठजी जिना चढून वर आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून दम खाल्ला.

"हेमंतभाई, मेरा भी नाम डाल दो."

मी हसलो. "शेठजी, ही सेवा एकट्या राहणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या घरात तर चौदा माणसं!"

"चौदा है," शेठजी म्हणाले. "पूछता कौन है?"

मी त्यांचं नाव घातलं. रोज दहाला दुकान उघडलं की खालून त्यांचा मिस कॉल येतो. मधे फक्त एक जिना आहे, पण ते वर येऊन सांगत नाहीत आणि मीही खाली जाऊन विचारत नाही. स्क्रीनवर नाव हिरवं झालं की दोघांचं समाधान.

* * *

नानांनी माझं गणितही तपासलं. एक दिवस त्यांचा फोन. "भाऊ, कागद ले. तुना सव्वीस तासमा भोक शे."

मी कागद घेतला.

"समज, मी रोज शेवटल्या मिनिटले मिस कॉल दिना. आज नऊले, उद्या अकराले, परवा एकले. दर दिन दोन तास पुढे. तेरा दिनमा मी कितला मिस कॉल देसु?"

मी आकडेमोड केली. बारा.

"मंग एक दिन कथा गया?" नाना विजयी आवाजात म्हणाले.

बरोबर होतं. मी सव्वीस तास काढून टाकले आणि ठरलेली वेळ लावली. मिस कॉल कधीही द्या, नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत जगणार. अकराच्या आत पुढचा मिस कॉल आला तर ठीक, नाहीतर लाल. जावास्क्रिप्टमध्ये उद्याचे अकरा काढायचे आणि डेटाबेसला तो क्षण द्यायचा, एवढंच. मोठ्या ऐटीत नानांना फोन करून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले, बारा वाजले, ज्यांनी मिस कॉल दिले नव्हते तेही हिरवेच. सगळे लाल झाले ते संध्याकाळी साडेचारला! सर्व्हरचं घड्याळ विलायतेच्या वेळेवर चालत होतं आणि मी त्याला आपलं म्हणून विचारलंच नव्हतं.

नानांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मी इचारनारच व्हतू. अकरा म्हनजे कोन गावना अकरा?"

* * *

त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच ऑफिस रिकामं झालं. भांडण वगैरे काही नाही. प्रतिभाताईंची सासू आजारी पडली, म्हणून त्या घरून फोन करायला लागल्या. दादा नवी गिऱ्हाइकं शोधायला पुण्याला जाऊन राहिले, कारण पैसे भरणारी मुलं तिकडे. कैलास धुळ्यातच. राहिलो मी. तीन टेबलं रिकामी आणि चौथ्यावर मी.

खरं सांगतो, मला फार एकटं वाटायचं. माझी खोली तलावाच्या बाजूला, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. लग्न झालं नाही. बरोबरचे सगळे मित्र पुण्यात. काही दिवस असे जायचे, की सकाळपासून मी फक्त "एक चहा" एवढंच बोललेलो असायचो. ऐंशी माणसं खुशाल आहेत हे मला रोज कळायचं, आणि मी कसा आहे ते मात्र कुणालाच माहीत नसायचं.

अपवाद नाना. बाकीचे सकाळीच मिस कॉल देऊन मोकळे व्हायचे. नाना दिवसेंदिवस उशीर करायला लागले होते. आधी दहाला, मग साडेदहाला, मग अकराला दहा कमी असले तरी पत्ता नाही. आठवण करून देणं माझं काम नव्हतं. लाल होण्याआधी फोन करायचा नाही, असा दादांनी घातलेला नियमच होता. तरी मी रोज पावणेअकराला नानांना फोन लावायचो.

"नाना, मिस कॉल?"

"देस, देस. तू काय खादं?"

"पोळी-भाजी."

"खोटं बोलू नको. बिस्किट खादं व्हई. वांगं भाज, मिरची ठेच, भरीत कर. कितला वेळ लागस?"

मग भरीत कसं घोटायचं ते सांगायचे. शेंगदाणे कधी घालायचे, तेल किती. अकराला दोन कमी असताना मला मुकाट्याने फोन ठेवावा लागायचा, नाहीतर मिस कॉल देणार कधी! मी ठेवला की त्यांचं नाव हिरवं व्हायचं. मला वाटायचं, वय झालं, विसरतात. मी आठवण केली नाही तर घर जाईल बिचाऱ्यांचं.

* * *

एकदा मला ताप आला आणि पावणेअकराचा फोन राहिला. अकराला नानांचं नाव लाल. घरूनच प्रतिभाताईंनी फोन लावले, नाना उचलेनात. त्यांनी कैलासला पळवलं. कैलास वीस मिनिटांत देवपुरात.

संध्याकाळी त्याचा मला फोन. "हेमंतभाऊ, मी घाबरत घाबरत दार ढकललं. नाना स्वयंपाकघरात मस्त उभे! म्हणे, ‘ये कैलास, बस. चा ठेयेल शे.’"

"फोन का उचलला नाही?"

"विसरनू म्हणे. पण एक सांगू का? मी जायच्या आधीच ओट्यावर दोन कप मांडलेले होते!"

कुणी पाहुणा येणार असेल, असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी नानांचा स्वतःहून फोन आला. "दोन व्हयन्यात. लिखी ठेव." आता एकच उरली होती.

* * *

पहूरचे आबा गेले. दवाखान्यात गेले, दोन्ही मुलं, सुना, सगळे जवळ होते. त्यांच्या मुलानेच आम्हाला फोन करून कळवलं, आणि मुलांना जाणारा रोजचा मेसेज मी तेव्हाच बंद केला. सगळे विधी आटोपल्यावर मी यादीतून त्यांचं नाव काढायला बसलो, तर स्क्रीनवर आबा अजून हिरवे!

डेटाबेसला विचारलं, या नोंदीचं किती आयुष्य उरलंय? उत्तर आलं, उणे एक. म्हणजे ही नोंद कधीच मरणार नाही. कारण शोधलं. आबांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी, सकाळच्या मिस कॉलनंतर, प्रतिभाताईंनी त्यांच्या शेजाऱ्याचा नंबर त्या नोंदीत घातला होता. त्यासाठीचा भाग मीच लिहिलेला. त्यात नोंद पुन्हा लिहिली जायची, पण वेळ सांगायची मी विसरलो होतो. वेळ न सांगता लिहिलं की आधीची मुदतही पुसली जाते. शेवटचा बदल तोच, त्यामुळे आबा कायमचे खुशाल.

एवढ्या दिवसांत दुसऱ्या कुणाच्या नोंदीत असं होऊन काही अघटित घडलं असतं, तर आम्हाला कळलंही नसतं. कोड लगेच दुरुस्त केला. बाकी सगळ्यांच्या मुदती दोनदा तपासल्या. मग प्रतिभाताईंना फोन केला.

"ताई, आबांची नोंद काढून टाकतो."

त्या म्हणाल्या, "घाई आहे का काही?"

ती नोंद अजून तशीच आहे.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी दादांनाही सांगितलेला नाही.

सोमवारची गोष्ट. पावणेअकराला नानांना फोन केला. नेहमीसारख्या गप्पा झाल्या. अकराला दोन कमी असताना मी फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघत बसलो. मिस कॉल येईना. एक मिनिट उरलं. पुन्हा फोन लावला. उचलला, पण "हा हा, देस" म्हणून ठेवून दिला. चाळीस सेकंद. तीस. म्हातारा माणूस आत्ताच माझ्याशी धडधाकट बोललाय, आणि एका मिस कॉलसाठी त्याचं घर जाणार?

मी डेटाबेस उघडला आणि नानांच्या नोंदीची मुदत हाताने चोवीस तास पुढे ढकलली. एका ओळीचं काम. नाव हिरवंच राहिलं, राजेशला ‘नाना खुशाल’ असा मेसेज गेला.

मंगळवारी पुन्हा तेच. गप्पा झाल्या, वांग्याचं भरीत जमलं का विचारून झालं, "देस, देस" झालं, आणि मिस कॉल नाही. मी पुन्हा चोवीस तास वाढवले. बुधवारी तर मी वाट बघायच्याही भानगडीत पडलो नाही. अकराला पाच कमी असतानाच वाढवून टाकले.

मला वाटत होतं, मी नानांचं घर वाचवतोय. तसं होतंही. पण तुमच्यापुढे काय लपवायचं? नाना पुण्याला गेले की यादीतून त्यांचं नाव जाणार होतं, आणि माझा पावणेअकराचा फोनही जाणार होता. दिवसभरात मला "काय खादं?" विचारणारा तो एकच माणूस होता.

गुरुवारी मनात आलं, नानांच्या फोनमध्येच काहीतरी बिघाड असणार. आलेले फोन घेता येतात, पण बाहेर लागत नसेल, म्हणून बिचारे नुसतं "देस, देस" म्हणतात. मी कैलासला सकाळी साडेदहालाच पाठवलं. म्हटलं, फोन बघून घे, जमलं तर दुरुस्त करून दे, आणि अकराच्या आत त्यांच्याकडून मिस कॉल देववून घे.

अकराला दहा कमी असताना कैलासचा फोन आला. आवाज जरा विचित्रच.

"हेमंतभाऊ, फोन चांगला आहे. मी माझा नंबर लावून बघितला, लागतोय."

"मग?"

"नाना बाहेरच्या ओट्यावर बसलेत. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. खिडक्या सगळ्या बंद, मीटरचं बटण खाली. शेजारच्या वहिनी म्हणतात, सोमवारपासून दूध बंद केलंय. तुळशीची कुंडी पण त्यांच्याकडे देऊन टाकली. बाजूला एक मोठी बॅग आहे. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. देतो."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग नानांचा खाकरा.

"भाऊ," नाना म्हणाले, "तुना मशीनले काय व्हयनं रे? चार दिन व्हयनात. मी रोज सकाये आंघोळ करीसन, बूट घालीसन, आठे ओटावर बठस, आनी लाल व्हवानी वाट देखस!"